आधी बोट, मग सुट्टी

२८ ऑक्टो. २००७, रवि. दम्माम
सुट्टी मागितली. आमचा कफील, म्हणजे ज्याच्या नावावर आमचा व्हिसा तो मालक, अबू फैसल खुर्चीतून हललाही नाही. "पहले बोट ऊपर, बाद में छुट्टी. खलास." थंडीत शमाल वारा सुटतो, त्याच्या आत त्याची शिडाची बोट पाण्याबाहेर काढून झाकून ठेवायची. अख्ख्या उन्हाळ्यात तो तिच्यात बसला असेल दोनतीनदा. पण पासपोर्ट त्याच्या कपाटात.
सायलीला फोन. तिचे अण्णा त्याच बोलीवर: नोकरीवाला म्हणून तुळशीच्या लग्नाआधी समोर येऊन बस, नाहीतर चिपळूणच्या स्थळाला होकार. नोकरी पाहिजे म्हणूनच एस.वाय. अर्ध्यात टाकून इथं आलो ना. आता म्हणतात, समोर ये!

१ नोव्हें., गुरु.
बोट क्रेननं वर घेतली. बुडाचं शेवाळ, शिंपले खरवडले. डोलकाठी उतरवली. शिडं गोड्या पाण्यानं धुऊन यार्डभर वाळत घातली. लांबून लग्नाचा मांडव वाटत होता. बघवेना.
हनीफचाचा म्हणाले, "मेल्या, शिडावर कशाला राग काढतोस? फाटलं तर अण्णांच्या धोतराचं ठिगळ लावणारेस?" चाचा हर्णैचेच, आमच्या वाडीच्या पलीकडचे. हसू आलं. मग हसल्याचाच राग आला.

५ नोव्हें., सोम.
झाकून झाली. ताडपत्री पार खालपर्यंत ओढली, दोऱ्या टेकूंना आवळल्या. हर्णैला पावसाळ्याआधी होड्या शाकारतो तश्शाच. एका बाजूनं मी, दुसऱ्या बाजूनं चाचा. "थेंब जायचा नाय आत." इथं कसला थेंब! पण हात घरच्या सवयीनंच चालले.
अबू फैसल चक्कर मारून गेला. "ज़ैन, ज़ैन." म्हणजे छान. पासपोर्ट सुट्टीच्या शिक्क्याला पाठवतो म्हणाला.
सायलीला सांगितलं, येतोय. "खरंच? परत बोल." परत बोललो.

९ नोव्हें., शुक्र.
लक्ष्मीपूजन. खोलीत मेणबत्ती, डब्यात विकतचा चिवडा. पासपोर्टचा पत्ता नाही. रोज बुक्रा, बुक्रा. यांचा उद्या कधी उजाडतो कोण जाणे.

१२ नोव्हें., सोम.
बोट पडली.
सकाळपासून शमाल. वारा ताडपत्रीखाली शिरला, ती फुगली आणि दोऱ्यांनी टेकूच ओढून काढला. हर्णैला टेकू वाळूत हातभर गाडलेले असतात. इथले लोखंडी, सिमेंटवर नुसते उभे. त्यांनाच बांधली आम्ही! बोट कुशीवर आली. कूस फुटली, हात आत जाईल एवढी.
चाचा डोकं धरून खाली बसले. "आपण दोघं होतो रे, आणि एकाच्याही डोक्यात आलं नाही."

१३ नोव्हें., मंगळ.
अबू फैसल ओरडला नाही. ओरडायला हवा होता. "ठीक करो. तुम और हनीफ. बाद में छुट्टी." फायबर यायचं, घासायचं, रंगवायचं... म्हणजे जानेवारी. तोवर चिपळूणवाल्यांची हळदसुद्धा उतरलेली असेल.
हातातला पाना आपटला. म्हणालो, "बोट को आग लगाओ! मेरे को अब्बी जाना है."
त्यानं शांतपणे चहा संपवला. "जाना है? जाओ. खुरूज निहाई." म्हणजे कायमचा एक्झिट, परत यायचं नाही. शनिवारी सांग म्हणाला, दोन्हींतलं कुठलं.
बाहेर आल्यावर चाचा, "तोंड उघडायच्या आधी मला तरी विचारायचंस."
"तुम्ही काय सांगितलं असतंत?"
"गप बस, असं."

१५ नोव्हें., गुरु.
राहिलो तर नोकरी आहे, सायली नाही. गेलो तर वेळेत पोचतो, पण पोचून अण्णांना दाखवू काय? ना कॉलेज, ना नोकरी. ते दारातच उभं ठेवतील.
फोन लावला. सगळं सांगितलं, पाना आपटल्याचंसुद्धा. तिच्या मागं कुकरची शिट्टी.
"तू सांग, काय करू," मी म्हटलं.
"मी? म्हणजे उद्या काही बिघडलं की माझ्यामुळं?"
"तसं नाही गं."
"तसंच आहे. कॉलेज सोडलंस तेव्हा विचारलंस मला? पाना आपटताना विचारलंस?" मग अगदी हळू, "माझ्यावर नको ढकलूस. मी वाट बघतेय एवढं खरं आहे. पुढचं तुझं तू."
कार्ड संपलं का तिनं ठेवला, कळलं नाही. परत लावला नाही. भांडायला काही उरलंच नव्हतं, त्याचाच जास्त राग येतोय.

१७ नोव्हें., शनि.
ऑफिसबाहेर बसून लिहितोय. आत अबू फैसल फोनवर. टेबलावर माझा पासपोर्ट, दारातून दिसतोय.
यार्डात फायबर येऊन पडलंय. चाचांनी फुटलेल्या कुशीखाली कापड अंथरलं, तोंडाला बांधायचे दोन मास्क काढले. एक स्वतः बांधला. दुसरा अजून हातातच धरलाय, इकडं बघताहेत.
आतून हाक आली. "हां बाबू? यल्ला, जल्दी."