पदरचं काही नाही

३ मार्च

सासूबाईंनी आज सीमेवर लढणाऱ्या ह्यांना पत्र सांगितलं, मी लिहून घेतलं. त्यांना अक्षर येत नाही, नणंदेला स्वतःच्या नावापुरतं येतं. म्हणून मुलाला लिहायचं काम सुनेकडे.

"लिही — तुझी बायको टपालवाल्याशी दारात हसून बोलते. शेजारीपाजारी बघतात."

लिहिलं! वळणदार अक्षरात. मग नेहमीचं — "परत वाच." वाचलं. "पदरचं काही घालू नकोस हं. शिकलेली माणसं घालतात."

मी काहीही लिहिलं असतं, त्यांना काय कळणार होतं? पण आमच्या घराण्यात शाळेची पायरी चढलेली पहिली मी. बाबा म्हणायचे, अक्षराशी बेइमानी नको. तेच आता नडतंय.

७ मार्च

टपालवाला आला. मी हसले नाही. पत्रही नव्हतं.

१९ मार्च

ह्यांचं पत्र! पलटण पुढे सरकली आहे, बुटांनी पायांना फोड आलेत. पुढची ओळ आधी डोळ्यांनी वाचली आणि थांबले.

"का थांबलीस? वाच."

वाचलं — आई, तू म्हणतेस तसं असेल तर तिला माहेरी पाठवून दे. लढाई संपली की मी बघतो.

माझ्याच तोंडाने, स्पष्ट! दुसरं काही वाचायचं सुचलं नाही. नाही, इथे तरी खोटं नको — सुचलं. धीर झाला नाही.

नणंद म्हणाली, "वहिनी, स्वतःची शिक्षा स्वतःच वाचलीत की. आवाज मात्र छान लागला हो."

२० मार्च

ट्रंक भरली. सासूबाईंनी रिकामी करायला लावली. "तू गेलीस तर त्याची पत्रं कोण वाचणार? तो आला की जा."

म्हणजे मी त्यांचा चष्मा. गरज आहे तोवर घरात.

२२ मार्च

पुन्हा पत्र सांगितलं. पुन्हा तेच, टपालवाला आणि मी. शेवटी एक ओळ माझी घातली — "त्याला मी रोज एवढंच विचारते, ह्यांचं पत्र आलं का?"

परत वाचून दाखवताना ती गाळली. जन्मातली पहिली लबाडी. पाकीट चिकटवलं. असू दे. ह्यांनी ती ओळ वाचली की झालं. मग ट्रंक भरायची वेळ येणार नाही.

९ एप्रिल

टपालवाल्याने आज मान वर केली नाही. पाकिटावर पलटणीचा शिक्का. आत एक टंकलेला कागद, आणि आमचं बावीस तारखेचं पत्र. न फोडलेलं.

सासूबाई भांडी पुसत होत्या. "काय म्हणतो?"

मी वाचलं. "आपला मुलगा लढाईत कामी आल्याचे खेदाने कळवितो" इथपासून, जसंच्या तसं. त्या म्हणाल्या, "थांब." मी थांबले नाही. "थांब ग. पुरे." तारीख, जागा, साहेबाचा हुद्दा, सही, सगळं वाचलं. पदरचं काही घातलं नाही.

मग विचारलं, "परत वाचू?"