बक्षीसपत्र राहिलं

बुधवार, १८ मार्च
हौसा कुरवंड्याहून माझ्याकडे कामाला आली, त्याला तीस वर्षं झाली. पहिल्याच आठवड्यातली एक दुपार आज आठवली. चहाचा कप घेऊन ती जमिनीवर बसली. मी म्हटलं, खुर्चीवर बस. "न्हाई ताई, खुर्चीत चहा गळ्याखाली उतरत न्हाई." मग मीच कप घेऊन मागच्या पायरीवर गेले. ती शेजारी येऊन बसली. दोघी पाव बुडवून खात होतो. एवढंच.

आज वडगावच्या निबंधक कार्यालयात बक्षीसपत्र नोंदवायचं होतं. माझ्या पगारातून बांधलेलं हे घर हौसाच्या नावावर करायचं. वेळ मिळालेली, वकिलांचे कागद तयार. ही निघेचना. "अवस हाय ताई. अवसेला कुनी घर घेतं व्हय? पाडव्याला करू." अगं, पाडव्याला सरकारी सुट्टी! शेवटी शुक्रवारची वेळ घेतली. नन्सनी शिकवलेली मी, अवस मानत नाही. तिचं मन मोडवलं नाही, इतकंच. माझ्या हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन १ एप्रिलला. दिवस आहेत अजून.

शुक्र. २० मार्च
वडगाव. दाराला कुलूप. आजपासून सरकारी कर्मचाऱ्यांचा बेमुदत संप, राज्यभर.

बाहेर संपाच्या मंडपात वैशाली. तिथेच कारकून आहे, माझ्या सातवीच्या वर्गातली विद्यार्थिनी. धावत आली, पाया पडली. म्हटलं, दहा मिनिटांचं काम गं. "दहा मिनिटांचंच आहे, मॅडम. पण आम्हाला जुनी पेन्शन नाही. तुम्हाला आहे."
रागाने म्हणाली नाही ती. माझी चूल त्याच पेन्शनवर पेटते.

बसमध्ये हौसा खिडकीकडे तोंड करून. लोणावळा येईपर्यंत एकच वाक्य. "माझ्यामुळं झालं."

रवि. २२ मार्च
आमदार अधिवेशनातून दोन दिवस आलेत असं कळलं, म्हणून त्यांच्या कार्यालयात गेलो. विचारायला गेले मी, तर शाल-नारळ देऊन माझाच सत्कार. ज्येष्ठ शिक्षिका म्हणून. फोटो.
संप कधी मिटेल? "चर्चा सकारात्मक आहे, मॅडम."
हौसा मागून, "भाऊ, संपात तुमचं बी काय बंद पडलं का?"
सगळे हसले, ते सर्वांत मोठ्याने. "मावशी, आमचं चोवीस तास चालू!"
"तेच म्हन्ते मी."
पत्र दिलं. 'सदर प्रकरणी प्राधान्याने कार्यवाही व्हावी.' सही झोकदार आहे.

सोम. २३ मार्च
पत्र घेऊन पुन्हा वडगाव. फाटकाशी फक्त कंत्राटी वॉचमन. "ठेवून जावा बाई, पन पोच न्हाई मिळनार. कागद घेनारे आवकवाले मंडपात हायत." पोच नाही म्हणजे पत्र दिलंच नाही. परत आणलं. धाप लागली, वाटेत दोनदा बसले.

बुध. २५ मार्च
टीव्हीवर सभागृह. आजी-माजी आमदारांच्या पेन्शनवाढीचं विधेयक. विरोधकांचाही विरोध नाही. हात वर झाले, बाकं वाजली, मंजूर. भाजी निवडून व्हायच्या आत.
हौसाने निवडता निवडता हात वर केला. "माझा बी पगार वाढला." मग हात तसाच राहिला थोडा वेळ.

शुक्र. २७ मार्च
संप चालूच. वकील म्हणाले, आता मृत्युपत्र. स्वतःच्या अक्षरात लिहा, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या, एका सहीने चालत नाही. टिकेल? "कायद्याने टिकेल. पण वारस म्हणून तुमचा भाचा कोर्टात गेला, तर हौसाबाईंच्या हयातीत निकाल..."

संध्याकाळी भाच्याचाच, अजितचा फोन. "आत्या, घराचं टेन्शन घेऊ नकोस, मी आहे ना. तसं काही झालंच, तर हौसाबाईंना मी स्वतः गावी सोडून येईन."
गावी कुठे? भावांनी साडी देऊन हिच्याकडून हक्कसोडपत्र लिहून घेतलं. त्या जमिनीवर आता कुणाकुणाचे बंगले. हे त्याला सांगायला हवं होतं. "बरं" म्हणाले.

सोम. ३० मार्च
उद्या ॲडमिट. गाडी सकाळी सहाला.
वैशाली मंडपातून थेट आली. "शिक्का बंद आहे मॅडम, सही माझी स्वतःची." मृत्युपत्रावर तिने केली. दुसरी सही शेजारचे कुलकर्णी करणार होते, ते मुंबईला मुलीकडे, उद्या दुपारी येतील. कोपऱ्यावरचा दुकानदार म्हणाला, अजितदादांशी संबंध आहेत, मला यात नका घेऊ. हॉस्पिटलात विचारून बघेन कुणाला.

वेगळ्या कागदावर लिहिलं आहे, तेच इथेही.
घर, मागची जागा, आतलं सगळं सामान हौसाला.
आजोबांचं घड्याळ आणि आईबाबांचे फोटो अजितला. कपाट उघडताना हौसा समोर हवी.
पुस्तकं शाळेला. घेतील तेवढी.
वैशालीला काही देता येत नाही. ती साक्षीदार.
आमदारांचं पत्र आमदारांना परत.
सोन्याच्या दोन बांगड्या हौसाला, पण आजच. हातात घातल्या. "ह्या कशाला आता?" म्हणाली. काढल्या नाहीत तिने.
किल्लीही तिच्याकडेच. कुणीही मागितली तरी द्यायची नाही, असं तीनदा सांगितलं.

साक्षीदार १ : वैशाली
साक्षीदार २ :