टेकडीवरचा चौथा खेळाडू

सोमवार, ४ मार्च

लेवुका गावात पोचले. धक्क्यावर पाय ठेवला आणि मला हसूच आलं. समोर समुद्र, पाठीशी डोंगर, मध्ये एकच रस्ता. हरवायचं म्हटलं तरी इथे हरवता येणार नाही. उद्यापासून माशांच्या कारखान्यात नोकरी: डबे भरण्याआधी माशांचं तापमान मोजायचं आणि वहीत उतरवायचं. तीन वाजता सुट्टी.

खोली उनाइसीबाईंकडे मिळाली. त्या शाळेत शिकवतात, नवरा जहाजावर असतो. जेवायला नारळाच्या दुधातलं अळू आणि उकडलेला कसावा होता; मी तीनदा वाढून घेतलं.

त्याआधी त्यांच्या तानिएला काकांकडे जाऊन आले. घराण्यातले तेच वडीलधारे. नव्या गावात यांगोनाची मुळी पुढे ठेवून आपण कोण, कुठल्या, कोणाच्या हे सांगितल्याशिवाय मी पाणीही पीत नाही. काकांनी मुळीला हात लावला, पोकळ ओंजळीने टाळ्या वाजवल्या आणि म्हणाले, आता हे गाव तुझंच. मग मुळी कुटून पाण्यात कालवलेल्या यांगोनाची वाटी फिरली. जीभ बधिर झाली, जीव मात्र शांत झाला.

बाईंचा धाकटा भाऊ इसिकेली आपल्या दुकानामागच्या खोलीत तीन संगणक ठेवून आहे. मी युद्धाचा खेळ खेळते कळल्यावर त्याने मला नखशिखांत न्याहाळलं आणि विचारलं, बंदूक उलटी तर धरत नाहीस ना. शनिवारी बघ म्हटलं.

शनिवार, ९ मार्च

बघितलं त्याने. सात वेळा मेला.

आम्ही तिघं: इसिकेली, मी आणि अपेनिसा. अपेनिसा आमच्याच कारखान्यात बर्फखोलीतली गाडी चालवतो आणि रविवारी चर्चमध्ये खर्जात गातो. त्याच्या आवाजाने बाकडं हादरतं म्हणे. त्याच्या आणि माझ्या गावाची पिढ्यान्‌पिढ्यांची थट्टेची सोयरीक आहे, म्हणजे तोंड सोडायला पूर्ण मुभा. त्याने सुरुवात केली की तुमच्या गावची माणसं होडीचा दोर न सोडताच दिवसभर वल्ही मारतात. मी म्हटलं, तुमच्या गावात डुकरं खाऊन झाल्यावर मोजतात. तेवढ्यात त्याला टिपला.

या खेळात आपण स्वतःला दिसत नाही. दिसतात ते आपले दोन हात आणि हातातली बंदूक. कोण कोणाला मारतं ते कोपऱ्यात उमटतं.

मग इसिकेलीने स्वतः बनवलेलं मैदान उघडलं. गावामागच्या टेकडीवर त्यांच्या पूर्वजांचं जुनं गाव होतं. आता तिथे घरांचे दगडी चौथरे तेवढे उरलेत. सहा महिने वर जाऊन, पावलांनी मोजून, फोटो काढून त्याने तेच गाव खेळात उभं केलंय. हुबेहूब, अगदी शेवाळासकट. मी विचारलं, काकांना सांगून, मुळी वाहून गेला होतास ना. तर म्हणाला, स्वतःच्या घरात शिरायला कोणी परवानगी मागतं का. अपेनिसा हसला. मीही हसले. मग आम्ही तासभर तिथे गोळ्या झाडल्या. सगळ्यांत उंच चौथऱ्यावर अपेनिसाने हातबॉम्ब टाकला. मजा आली, हे कबूल करते.

बुधवार, १३ मार्च

सुट्टी झाल्यावर एकटीच खेळायला बसले. शनिवारी पुन्हा जिंकायचं तर वाटा पाठ हव्यात. शत्रूंची संख्या शून्य ठेवली आणि नुसती हिंडले. रिकाम्या मैदानात आपल्याच पावलांचा आवाज फार मोठा येतो.

उंच चौथऱ्यावर एक माणूस बसला होता. पाठमोरा, मांडी घालून, अंगावर गणवेश नाही. इसिकेलीची करामत समजून मी गोळी झाडली. लागली नाही. जवळ जाऊन झाडली. त्याने मान वळवली नाही, पण पाठ ताठ केली, मागे कोणी आगाऊपणा केल्यावर मोठी माणसं करतात तशी. मला लाज वाटली. खेळातल्या चित्रापुढे लाज!

इसिकेलीला विचारलं. म्हणाला, मी तिथे कोणालाच बसवलेलं नाही.

शनिवार, १६ मार्च

आज तिघांनीही त्याला पाहिलं. तोंड आमच्याकडे होतं, आणि तो एक चौथरा खाली येऊन बसला होता. चेहरा नीट दिसला नाही. तिथे सावली पडते, ऊन कुठूनही असलं तरी.

अपेनिसा म्हणाला, थांब, आजोबांना जरा नाचवतो. तो पुढे गेला आणि पडला. गोळीचा आवाज नाही, काही नाही. पडद्यावर आलं की गळ्याला लागलं. मारणाऱ्याच्या नावाची जागा कोरी होती.

त्याने गळ्यावर हात फिरवला आणि हसला. पण दुसरा डाव मांडला नाही. वेळ झाली म्हणाला. दुपारचे तीनही वाजले नव्हते.

रविवार, १७ मार्च

चर्चमध्ये अपेनिसाने गायला तोंड उघडलं आणि आवाजच आला नाही. बाकीचे गात होते, तो नुसता तोंड हलवत होता. आधी वाटलं थट्टा करतोय. मग त्याचे डोळे पाहिले.

बुधवार, २० मार्च

अपेनिसा दवाखान्यात आहे. गळा आतून सुजलाय, कशाने ते डॉक्टरांना सांगता येत नाही. दूधही उतरत नाही. बोट मिळाली की सुवाच्या मोठ्या दवाखान्यात नेणार. त्याची बायको दारात उभी होती, मला म्हणाली, तुमच्या खेळातून आला तेव्हापासून हा असा आहे, काय झालं तिथे. मी म्हटलं, काही नाही.

इसिकेलीने ते मैदान पुसून टाकलं. माझ्यासमोर. संगणक बंद करून चालू केला, तर यादीत ते पुन्हा होतं. बिघाड शोधतो म्हणून एकटाच आत गेला. मी नको नको म्हणत होते. तो माणूस सगळ्यांत खालच्या चौथऱ्यावर होता. इसिकेलीला उजव्या हाताला लागलं. कोरी जागा.

संध्याकाळी त्याला वाटी उचलता आली नाही. बोटं नुसती लोंबतात.

मला भीती वाटते. उगाच नाही वाटत, हे मला ठाऊक आहे.

शुक्रवार, २२ मार्च

आम्ही तानिएला काकांना सगळं सांगितलं. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं. इसिकेलीला म्हणाले, घरचा आहेस म्हणून तर आधी विचारायचं. परका चुकला तर क्षमा असते.

मग मोठ्या चुकीसाठी वाहतात तो देवमाशाचा दात आणि मुळी घेऊन ते इसिकेलीबरोबर टेकडी चढले, क्षमा मागायला. मी दवाखान्यात बसले. अपेनिसाचा श्वास शिटीसारखा वाजतो. मध्ये थांबतो. मी मोजते.

काका दुपारी परत आले, दात तसाच हातात. म्हणाले, वर कोणीच नाही. बोललो तर दगडाशी बोलल्यासारखं वाटलं. तुम्ही पूर्वजांना तिथून उचलून त्या पेटीत नेऊन ठेवलंत. क्षमा तिथेच मागावी लागेल.

इसिकेलीचा हात गेलाय. अपेनिसा तर —

उरले मी.

शनिवार, २३ मार्च

सकाळी दहा. दार उघडं ठेवलं. काका माझ्या पाठीशी बसले होते, मुळी संगणकापुढे ठेवली.

बंदूक टाकली. हातात पिस्तूल आलं. ते टाकलं, सुरी आली. सुरी टाकता येत नाही. या खेळात रिकामे हात नाहीतच. सुरीसकट गुडघे टेकले आणि मोठ्याने बोलले, अगदी रीतीप्रमाणे — मी तोरिका, अमुक गावची, अमुक घराण्यातली, वडिलांचं नाव, घराचं नाव. आम्ही न विचारता आलो. अपेनिसाचा श्वास सोडा.

मग हेडफोनमध्ये टाळ्या. पोकळ ओंजळीच्या, तीन. स्वीकारल्याच्या.

मागे वळून काकांना विचारलं, तुम्ही वाजवल्यात का. त्यांचे हात मांडीवर होते. त्यांचे डोळे भरून आले.

रविवार, २४ मार्च

अपेनिसा बोलला! घोगरं, पण बोलला. पहिलं वाक्य: तुमच्या गावची माणसं क्षमासुद्धा बसूनच मागतात. मी रडले. इसिकेलीचा अंगठा हलतोय.

काका मात्र सारखं विचारतात, तू घराचं नावही सांगितलंस का. मी म्हटलं, रीतच आहे ना. हो म्हणाले, रीतच आहे.

सोमवार, २५ मार्च

इसिकेलीने बोलावलं. टेकडीचं मैदान यादीतून गेलंय. त्या जागी दुसरं आहे.

त्याला आमच्या गावाचं नाव आहे.

इसिकेली आमच्या गावी कधी गेलेला नाही.

मंगळवार, २६ मार्च

उघडलं. उघडायला नको होतं, पण न बघता कशी राहू —

आमचा किनारा. आमचं फणसाचं झाड. निळं दार. पायरीवर बाबा जाळं विणत बसलेत, पाठमोरे. माझ्या हातात सुरी. पुढे जायची कळ दाबली तरी पाय हलत नाहीत.

आईला फोन लावला. म्हणाली, बाबा पायरीवर आहेत, जाळं विणतायत. का गं?

पडद्यावर झाडाखाली तो उभा आहे.

आईला सांगितलं, त्यांना आत घे. दार लाव. ती हसते. म्हणते, भर दुपारी दार कशाला लावू —

टाळ्या. हेडफोनमध्ये. फोनमध्येही. पोकळ, सावकाश. आई म्हणते, थांब हं, कोणीतरी पाहुणा आलाय. म्हातारा आहे. किती रीतीने विचारतोय बघ —

ओरडते आहे, फोन तिने खाली ठेवलाय, ऐकत नाही — बाबांनी कधी कोणाला दारातून परत पाठवलं नाही, कधीच नाही —

पडद्यावर बाबा उठले. जाळं बाजूला ठेवलं. फोनमध्ये त्यांचा आवाज, नेहमीचा, आनंदी. म्हणतायत, या, आत या, घर तुमचंच —