सुकाणू ज्याला शिकवलंत

अब्बा, काल जिझानच्या धक्क्यावर तो भेटला. दाढी पांढरी झाली आहे. बेटाकडे जाणाऱ्या तुमच्या फेरीबोटीवर आता तोच कप्तान आहे, आणि बोट धक्क्याला लावताना तुमच्यासारखाच खिडकीबाहेर अर्धा वाकतो. इतक्या वर्षांनीही मला त्याचा हेवा वाटला, अगदी पूर्वीसारखा.

तेव्हा मी इथल्या भारतीय शाळेत नुकतीच शिकवायला लागले होते. तुम्ही रोज सकाळी मास्तर, कारकून, दवाखान्यातले पेशंट, कुणाच्या दोन शेळ्या, सगळ्यांना पलीकडे पोचवायचात. सौदीकरण आलं, परदेशी माणसांच्या जागी इथली माणसं घ्यायची ठरली, आणि कंपनीनं तो इथला तरुण तुमच्या हाताखाली दिला. तो तयार झाला की तुम्ही रत्नागिरीला परत. मला वाटलं, तुम्ही हातचं राखून शिकवाल. तुम्ही तर खडकांवरचं फिकट पाणी नजरेनं ओळखण्यापर्यंत सगळं दिलंत. लहानपणी गावच्या खाडीत मी सुकाणू मागितलं तेव्हा म्हणाला होतात, "तू कॉन्व्हेंटात जातेस ना? पुस्तक धर." इथे बोटीवर मी बायकांच्या केबिनमध्ये काचेमागे बसलेली असे आणि वरून तुमचा आवाज येई, "पाण्याकडे बघ, पोरा! घड्याळात काय बघतोस?"

शुक्रवारी तो जेवायला यायचा. अम्मी आतून पुटपुटायची, "नोकरी पण त्यालाच द्या नि सुरमईचा मधला तुकडा पण त्यालाच!" तुम्ही हसायचात. "उपाशी माणसाला सुकाणू धरता येत नाय गो."

मग कंपनीला अहवाल द्यायचा दिवस आला. तुमची इंग्रजी पत्रं मीच लिहायची. ओट्यावर कागद ठेवून मी बसले आहे आणि तुम्ही सांगताय, "लिही, माणूस तयार आहे. माझ्यापेक्षा बरा हात आहे त्याचा." मी सुरेख अक्षरात लिहिलं की तो तयार नाही, अजून सहा महिने लागतील. तुम्ही न वाचता सही केलीत.

ऑफिसनंच त्याला थांबवलं असं तुम्हाला वाटलं. "माझं शिकवणं कमी पडलं," म्हणालात, आणि त्यानंतरचे सगळे शुक्रवार त्याच्याबरोबर बोटीवर काढलेत.

काल तो म्हणाला, "अल्ला तुझ्या वडिलांना जन्नत देवो. त्यांनी तेव्हा माझ्याविरुद्ध लिहिलं. फार लागलं होतं मला. कधी विचारलं नाही. त्यांचं बरोबरच असणार." मी मान डोलावली. "यल्ला, यल्ला" अशी घाई करत माणसं बोटीत चढत होती. खरं सांगायला दोन वाक्यं पुरली असती.

तुमची नोकरी टिकावी म्हणून तसं लिहिलं, असं मी आजवर स्वतःला सांगत आले. ते खरं नाही. "माझ्यापेक्षा बरा हात आहे," असं माझ्याबद्दल तुम्ही कुणाला कधी सांगितलं नव्हतंत.

हे खरं तर त्याला लिहायला हवं. पण तो उत्तर देईल, म्हणून तुम्हाला लिहिते आहे.