जप्तीच्या टॉफ्या

३ फेब्रुवारी, संध्याकाळी सहा
वरच्या सुळ्याशेजारच्या दाताचा तुकडा पडला. दोष टोस्टचा. टोस्ट सकाळी खाल्ला आणि तुकडा आत्ता टॉफी चावताना पडला हे खरं, पण सुरुवात टोस्टनेच केली असणार.

टॉफीबद्दल एकदा स्पष्ट लिहून ठेवते. मला गोडाची आवड नाही. एकतीस वर्षं वर्गात मुलींच्या हनुवटीखाली हात धरून 'काढ बाहेर' म्हटलं, खिसे रिकामे केले, 'शाळा सुटल्यावर परत देईन' असं सांगून सगळं खणातल्या पत्र्याच्या डब्यात टाकलं. निवृत्तीच्या दिवशी डबा माझ्याबरोबर घरी आला. रोज एक खाते ती केवळ आठवण म्हणून. त्या आता दगडासारख्या झाल्यात, त्याला मी काय करणार?

४ फेब्रुवारी
सून म्हणाली, आई, दातांच्या डॉक्टरकडे चला. मी घाबरत नाही, पण वीस तारखेला शाळेच्या बक्षीस समारंभात प्रमुख पाहुणी म्हणून माझं भाषण आहे. विषय संयम. वेळ कुठे आहे? ती म्हणाली, 'संयम' एकदा म्हणून दाखवा. शिट्टी वाजली. शेजारचा कुत्रा धावत आला.

६ फेब्रुवारी
गेले. डॉक्टरीणबाईंनी मास्क खाली केला, तर शेवटच्या बाकावरची! वर्षभर गालात टॉफी धरून 'मिस, तोंडात काही नाही' म्हणणारी. आज कापूस माझ्या गालात आणि प्रश्न तिचे. कशाने तुटला? टोस्टने, म्हटलं. ती गप्प राहून बघत बसली. मुलगी आपण होऊन कबूल करेपर्यंत मीही अशीच बसायचे. बरी शिकली आहे.

दात घासून बारीक केला, माप घेतलं, वर तात्पुरती कॅप चिकटवली. पक्की एकोणीसला. तोवर चिकट नाही, कडक नाही, असं दोनदा बजावलं. मला!

मी अजिबात घाबरले नाही. सूनबाईंची बोटं सुजली आहेत, पण खुर्चीच्या हातावर तिनं हात ठेवायलाच नको होता.

७ फेब्रुवारी
निश्चय. डबा कपाटावर, शिडीशिवाय हात पोचणार नाही असा.

९ फेब्रुवारी
शिडी आणवली. पंखा पुसायचा होता.

१२ फेब्रुवारी
भाषण लिहून झालं. 'मोह आणि आपण यांच्यामध्ये फक्त एक निश्चय उभा असतो.' वाचताना माझेच डोळे भरून आले. तेवढ्यात एक निळ्या कागदाची टॉफी सापडली. हिची मालकीण घंटा झाल्यावर टेबलापाशी येऊन उभी राहिली होती. वह्या तपासायच्या होत्या, म्हणून 'आज नाही, उद्या ये' म्हटलं. दुसऱ्या दिवशीही वह्या होत्याच. बिचारी.
टॉफी नुसती हातात धरली.

१५ फेब्रुवारी
नुसती जिभेवर ठेवली. दातांचा संबंध नाही.

१८ फेब्रुवारी, दुपारी तीन
संबंध आला. कॅप टॉफीत रुतून बाहेर आली. ती डिंकाने परत चिकटवता येईल का, हे करून पाहिलं. डिंकाने फक्त जीभ चिकटते.

१९ फेब्रुवारी
कॅप रुमालात गुंडाळून नेली. डॉक्टरीणबाईंनी रुमाल उलगडला. टॉफी, तिच्यात कॅप. टोस्ट का, मिस? असं अगदी गोड आवाजात विचारलं. मग माझ्या हनुवटीखाली हात धरला आणि म्हणाल्या, काढा बाहेर.

धीर यावा म्हणून वाटेत एक गालात ठेवली होती, ते मी पार विसरले होते.

पक्की कॅप बसली. सुंदर बसली. मग सूनबाईंनी, माझ्या सख्ख्या मुलाच्या बायकोनं, पिशवीतून माझा डबा काढून डॉक्टरीणबाईंच्या हवाली केला. तिनं तो खणात टाकला आणि खण बंद केला. म्हणाली, शाळा सुटल्यावर परत देईन.

२० फेब्रुवारी, संध्याकाळी सात
भाषण झालं. एकही शिट्टी नाही. टाळ्या भरपूर. शेवटच्या ओळीत एका मुलीचा गाल फुगलेला दिसला. हात पुढे करवला नाही.

येताना दवाखान्याशी रिक्षा थांबवली. म्हटलं, शाळा सुटली. ती पेशंटच्या तोंडातून मान वर न काढता म्हणाली, आज नाही मिस, उद्या या.

तरी बराच वेळ तिच्या टेबलापाशी उभी राहिले.
उद्या लवकर जाईन.