पांढरे हातमोजे

हॅडली कॉर्नर्स, व्हरमाँट
८ जून

प्रिय लॉर्नाताई,
सा. न. वि. वि.

ओहायोत उकडायला लागलं म्हणतेस. इथे सकाळी अजून स्वेटर लागतो.

मुख्य बातमी ही, की माझे हात बरे झाले. गोठ्यातलं थंड पाणी आणि सड धुवायचं औषध यांनी कातडीची काय दशा केली होती, तू पाहिलीच आहेस. डॉक्टरांची मलमं हरली, माझं जिंकलं. कोणी शिकवलं नाही. वाचनालयातली पुस्तकं आणि माझं डोकं. कॅलेंड्युलाच्या, म्हणजे त्या झेंडूसारख्या फुलाच्या, पाकळ्या पुऱ्या वाळलेल्या हव्यात, जराशी ओल राहिली तरी तेल खवट होतं. मेण वाफेवर वितळवायचं, विस्तवावर कधीच नाही. लोक इथेच घाई करतात.

गाई विकल्या. आता हा मलमाचाच धंदा. शनिवारच्या बाजारात गोड बन विकणाऱ्या डोरीनच्या शेजारी टेबल मिळालंय. डब्या एका रेषेत मांडतो, झाकणांवर बोटांचे डाग पडू नयेत म्हणून पांढरे सुती हातमोजे घालून उभा राहतो. तरी लोक हुंगतात आणि डोरीनकडे वळतात. बाजार सांभाळणाऱ्या बाईंनी हळूच सांगितलंय, की असंच चाललं तर जुलैपासून जागा मेपल सिरपवाल्याला जाईल. लोकांना मालाची पारख नाही, दुसरं काय.

लोभ आटू देऊ नकोस.
तुझा
आल्डन


डेटन, ओहायो
१४ जून

चि. आल्डन यास,
अ. उ. आ.

पत्र वाचून इतकी हसले, की शेजारची मॅबेल कुंपणाशी येऊन काय झालं ते विचारून गेली. अरे शहाण्या, हाताला लावायचं मलम विकतोस आणि हात झाकून उभा राहतोस? मी गिऱ्हाईक असते तर म्हटलं असतं, याच्या मलमानेच याचे हात गेले.

आणि डागांचं मला सांगू नकोस. आईच्या पंचाहत्तरीच्या फोटोत तुझे हात खिशात आहेत, माझ्या लेकीच्या लग्नाच्या फोटोत पाठीमागे. आता बरे झालेत ना? मग लपवतोस कोणापासून?

मोजे काढ. थोरल्या बहिणीचा हुकूम आहे. आणि साऱ्या गावाला मलम विकायला निघालास, मला एक डबी धाडायची सुचली नाही ती नाहीच.

जेवत जा वेळेवर. माया आहेच.
तुझी
लॉर्ना


हॅडली कॉर्नर्स
२३ जून

प्रिय ताई,
सा. न. वि. वि.

तुझं म्हणणं पटलं नव्हतं. तरी काल मोजे काढले. हात टेबलावर ठेवले तेव्हा चारचौघांत उघडं उभं राहिल्यासारखं झालं.

पहिला आला वेंडेल, पलीकडच्या कुरणाचा. हिवाळ्यात दूध काढायला मदतीला यायचा, तेव्हा बादलीच्या कडीवर माझं रक्त त्याने पाहिलेलं. त्याने माझा हात उचलला, गाईचा खूर तपासावा तसा उलटासुलटा केला, पेरांवरून अंगठा फिरवला.

“लेका, हे तुझेच हात का?”

“दुसरे कुठून आणू?”

मग त्याने स्वतःचे कामाचे मोजे काढले. ताई, त्याचेही हात फुटलेले होते. दूध काढतानाही तो मोजे उतरवायचा नाही, म्हणून इतकी वर्षं शेजारी राहून मला पत्ता नव्हता. मीच मलम लावून दिलं, अगदी थोडं. लोक उगाच थापतात. ते पाहून एकेक जण हात पुढे करू लागला. दुपारी टेबल रिकामं. बाजारवाल्या बाईंनी जागा कायम केली आणि स्वतःसाठी डबी मागितली, तर शिल्लक नव्हती. माझे मोजे डोरीनने पळवले. चिकट बन उचलायला बरे पडतात म्हणे.

तुझी डबी सोबत आहे. झाकणावर अंगठ्याचा डाग दिसेल. माझाच आहे. पुसलेला नाही.

असाच हुकूम सोडत राहा.
तुझा
आल्डन