पत्र्यावरचा साग

आप्पा, माझे सध्याचे काम तुम्हाला समजावून सांगायला फार वेळ लागणार नाही, असे या आठवड्यात प्रथमच वाटले. मोबाईलवरच्या खेळांत दिसणाऱ्या वस्तू मी रंगवतो. अशी वस्तू म्हणजे त्रिकोणी तुकडे जोडून केलेला पोकळ सांगाडा. तुकडे वाढले की साधा फोन अडखळतो, म्हणून ते आम्हाला मोजून मिळतात. सध्या आम्ही लासलगावसारखा एक कांदा बाजार उभा करत आहोत. त्यातला ट्रॅक्टर रंगवण्यापूर्वी पाहिला, तर चार खोकी एकमेकांवर रचल्यासारखा दिसतो. बोल्ट नाहीत, जाळी नाही, मडगार्डला कड नाही. पत्र्याची पेटी उलगडून सपाट करावी तसा तो सांगाडा उलगडायचा, हे सगळे त्या सपाट भागावर रंगवायचे आणि पुन्हा मिटायचे. बोल्टच्या वर उजेडाची बारीक रेघ, खाली सावली. पाय घासतो तिथे रंग उडालेला, हात लागतो तिथे तेलकट चमक. जमले, तर तो बोल्ट बोटाला लागेल असे वाटते.

तुम्ही आयुष्यभर हेच केलेत. नाशिक रोडच्या त्या शेडमध्ये लोखंडी कपाटाचे गुळगुळीत दार आडवे ठेवलेले आहे. पिवळट रंगाचा पहिला हात वाळला आहे, त्यावरचा तपकिरी अजून ओला आहे, आणि सायकलच्या ट्यूबला दाते पाडून केलेली फणी तुम्ही एका दमात वरून खाली ओढता आहात, मनगट किंचित हलवत. पत्र्यावर साग उमटतो. मग त्यावर उठावाच्या चौकटी, त्याही रंगाच्याच: दोन कडा उजळ, दोन काळपट. त्या रंगवण्यापूर्वी तुम्ही प्रत्येक गिऱ्हाईकाला विचारायचात, कपाट ठेवणार कुठे, खिडकी कुठल्या हाताला. गिऱ्हाईकाला सांगता आले नाही, तर उजेड सरळ वरून धरायचात. तो कुठल्याही घरात चालतो.

बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षानंतरच्या सुट्टीत मी तुमच्या हाताखाली काम करत होतो, तेव्हा तुम्ही एका कपाटाच्या चौकटी माझ्यावर सोपवल्यात. डाव्या दारासाठी कापलेला पुठ्ठ्याचा साचा मी उजव्या दारावर उलटा करून ठेवला आणि उजळ-काळपट कडाही तशाच उलट्या रंगवल्या. मला ती काटकसर वाटली होती. तुम्ही दोन्ही दारे लावलीत, चार पावले मागे गेलात.

"घरी सूर्य किती आहेत रे तुझ्या? दोन?"

कपाट न्यायला आलेल्या बाई हसल्या. त्यांचे हसणे मला झोंबले. मी म्हणालो, "नाहीतरी पत्र्याला साग दाखवायचं. सगळंच खोटं. त्यात सूर्य एक काय नि दोन काय."

तुम्ही बोटाच्या पेराने दारावर टकटक केलीत, पत्रा वाजला. "पत्रा आहे बरं ताई. साग फक्त बघायला."

"माहितीये हो. खऱ्या सागाचं उचलायला चार माणसं लागतात," बाई म्हणाल्या.

त्या दुपारी उजवे दार तुम्ही स्वतः पुन्हा रंगवलेत. मी शेडमध्ये ब्रश पुन्हा हातात घेतला नाही. ती टकटक तुम्ही प्रत्येक गिऱ्हाईकासमोर करत होता, सुट्टीभर ती माझ्या कानावर पडत होती, आणि तिचा अर्थ मला फार उशिरा लागला. तोपर्यंत माझा शब्द मागे घ्यावा, तर तो ऐकायला तुम्ही राहिला नव्हतात.

मंगळवारी ट्रॅक्टर द्यायचा होता. आमच्या गटाची प्रमुख, माझ्या निम्म्या वयाची एक मुलगी, पडद्यासमोर हैराण झाली होती. "काका, काहीतरी खटकतंय, पण काय ते सापडत नाहीये. आकारच चुकलाय बहुतेक. त्रिकोण वाढवू का?" वाढवले असते, तर साध्या फोनवर बाजार चाललाच नसता. मी चार पावले मागे जाऊन पाहिले: जागा वाचवण्यासाठी तिने ट्रॅक्टरची एकच बाजू रंगवून दुसरीकडे उलटी बसवली होती. दोन्ही मडगार्डे आपापल्या बाजूने उजळली होती.

"या बाजारात सूर्य किती आहेत?" मी विचारले. "दोन?"

ती आधी हसली, मग "अरे देवा" म्हणाली. आम्ही उजेड वरून धरून पुन्हा रंगवला. एकही त्रिकोण न वाढवता ट्रॅक्टर जमिनीवर उभा राहिला. आप्पा, त्या क्षणी ती चार पावले मागे जाण्याची सवयसुद्धा माझ्या पायांत तुमचीच होती. माझ्या हाताला जे येते, ते त्या शेडमधून आलेले आहे. हे तुमच्या हयातीत म्हणायला हवे होते.

हा कागद माझ्या खणात राहील. पण एक गोष्ट लिहायची आहे. तो प्रश्न आता कार्यालयात सगळ्यांच्या तोंडी आहे. मुलांनी तो मोठ्या अक्षरांत छापून भिंतीवर लावला, आणि खाली लिहिले, "काका". पत्रा वाजवून दाखवणाऱ्या माणसाला मी खोटा म्हणालो होतो. भिंतीवरच्या त्या कागदासमोरून मी रोज चार-पाच वेळा जातो, आणि प्रश्न माझा नाही, हे अजून कोणाला सांगितलेले नाही.